जाहिरातीच्या आधीचं काम

पावसाळ्यात शनिवार-रविवारी अमरावतीकडून येणाऱ्या गाड्या परतवाड्यात चहा-नाश्त्याला थांबतात आणि सरळ चिखलदऱ्याचा घाट धरतात. एकेकाळी इमादशाहीची राजधानी असलेलं अचलपूर शेजारीच राहून जातं. तिथल्या हौज कटोऱ्याचा अष्टकोनी मनोरा पाहायला वळणारे थोडेच. बाकीचे का वळत नाहीत, हे शोधण्याचीही नोकरी असते. संग्रहालयं आणि पर्यटनस्थळांच्या मार्केटिंगची सुरुवात तिथूनच होते.

रील, पोस्टर, फलक ही नंतरची कामं. आधी बघायचं ते येणार कोण. सहल घेऊन येणाऱ्या सरांना बस कुठं लावायची, मुलींसाठी शौचालय आहे का, पोरं पाण्याकडं तर धावणार नाहीत ना, याची काळजी असते. मुक्तागिरीहून परतणाऱ्या जैन कुटुंबाला सूर्यास्ताआधी जेवण हवं. मूर्तिजापूर-अचलपूर ही शकुंतला रेल्वेची 76 किलोमीटरची अरुंद वाट ज्यांना वेडं करते, ते रेल्वेप्रेमी तर मनोऱ्यापेक्षा स्टेशनच आधी विचारतील. या सगळ्यांना एकच पत्रक वाटणं म्हणजे कागद वाया घालवणं.

विद्यार्थ्यांनो, परतवाड्याच्या बसस्टँडवर एक रविवार काढा. ‘हौज कटोरा बघायला आवडेल का?’ असं विचारू नका, तोंडावर सगळे होच म्हणतात. मागच्या खेपेला कुठं थांबलात, हाताशी किती वेळ होता, सोबत कोण होतं, एवढं विचारा आणि वहीत लिहून घ्या. मग हौज कटोऱ्यापाशी जा. रस्ता सापडतो का, नकाशावरची खूण बरोबर आहे का, बसायला सावली आहे का, ते बघा. वास्तू कोणाच्या ताब्यात आहे हेही आधीच विचारून ठेवा, परवानगीविना तिथं फलक लावता येत नाही. आणि जे नाही त्याचं आमिष तर मुळीच दाखवू नका. फसलेला पाहुणा गुगलवर एक तारा देऊन जातो, तो पुसता येत नाही.

‘यात पगार भेटते का जी?’ हा बापाचा प्रश्न रास्त आहे. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, सरकारी जागाही मोजक्या. पण खासगी संग्रहालयं, रिसॉर्ट, सहल कंपन्या, वारसास्थळांवर काम करणाऱ्या सल्लागार संस्था यांना अशी माणसं लागतात. पदवी इतिहासाची चालते, वाणिज्याचीही. पुढं संग्रहालयशास्त्रासाठी बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज, पर्यटन व्यवस्थापनासाठी ग्वाल्हेरची केंद्रीय संस्था. फी आणि प्रवेश परीक्षेच्या तारखा संस्थेच्याच संकेतस्थळावर बघा, एजंटाच्या तोंडून नको.

मुलाखतीला जाताना बसस्टँडवरची ती वही सोबत ठेवा. मराठी, हिंदी, इंग्रजी तर यायलाच हवी. अचलपुरात उर्दू बोलता आली तर तिथल्या दर्ग्याच्या परिसरातही माणसं मोकळेपणानं बोलतील.