उकिरड्यातला न दिसणारा वायू



कचरा म्हटला की आपण दुर्गंधी आणि माश्या यांचाच विचार करतो. परंतु कचरा कुजताना मिथेन नावाचा एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. वेळीअवेळी येणारा पाऊस ज्यांच्या भाताच्या मुळावर येतो, त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

मिथेन होतो तो हवा न मिळाल्यामुळे. उरलेला भात, माशांची आतडी, भाजीची देठे पिशवीत गाठ मारून फेकली, किंवा ढिगाखाली दबली, की हवेविना जगणारे जंतू कामाला लागतात. मडगावच्या सोनसोड्यावर २०१९ च्या मे महिन्यात आग लागली होती. अशा ढिगाच्या पोटात हा वायू साठला, तर वरून विझलेली आग आत धुमसत राहते आणि धूर लहान मुलांच्या छातीत जातो.

उलट साळगावला २०१६ साली सुरू झालेल्या प्रकल्पात ओल्या कचऱ्याचा हाच वायू बंद टाकीत धरून त्यावर वीज करतात. मात्र खानावळवाल्याने उष्ट्यातच बाटल्या आणि प्लास्टिक कोंबले, तर यंत्र तरी काय करणार?

नार्व्यात ज्यांच्या गोठ्यात चार-पाच गुरे आहेत, त्यांनी गोबर गॅसचा विचार करावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो ताजे शेण लागते. मिथेन चुलीत जळून जातो, घरचा स्वयंपाक होतो आणि मळी कुळागराला मिळते.

गुरे नसतील त्यांनी कंपोस्ट करावे. पुस्तकांत खड्डा सांगतात. आपल्याकडे जूनमध्ये त्याची विहीर होते आणि तुंबलेल्या पाण्यात पुन्हा मिथेनच! म्हणून उंचवट्यावर काटक्या अंथरून ढीग रचावा. ओल्या कचऱ्याचा एक थर, त्यावर दुप्पट सुका पाला, वर मूठभर माती. चुडतांचे छप्पर हवेच. पंधरा दिवसांनी ढीग वरखाली करावा. घाण वास आला तर हवा कमी पडली असे समजावे आणि आणखी पाला घालावा. तो पाला अंगणात जाळून टाकलात, तर ऐन वेळी आणणार कुठून?

तयार खताला ओल्या मातीचा वास येतो. माडाला ते बुंध्याशी ढीग करून घालू नये. सहा फुटांपर्यंतच्या आळ्यात पसरून मातीने झाकावे.