प्रवासाच्या सामानासाठी छोट्या पिशव्या वापरा !

शिबिराला किंवा प्रवासाला जातांना आपण सगळे सामान एकाच मोठ्या बॅगेत भरतो. मग पहाटे साडेचारला, सभागृहात सगळे झोपलेले असतांना, एका टॉवेलसाठी पूर्ण बॅग उपसावी लागते. प्लास्टिकच्या पिशव्यांच्या आवाजाने शेजारच्याची झोप मोडते, हे आपल्या लक्षातही येत नाही. माझ्याकडून असे दोनदा झाले आहे.

यासाठी जुन्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या कापडाच्या, नाडी असलेल्या छोट्या पिशव्या शिवून घ्या. धुतलेले कपडे, वापरलेले कपडे, अंघोळीचे साहित्य, औषधे आणि चार्जर यांसाठी वेगवेगळी पिशवी ठेवा. (वाणिज्य शाखेत प्रत्येक खाते वेगळे मांडतात, तसेच हे !) कापड वेगवेगळ्या पोताचे असेल, तर अंधारातही हाताला पिशवी ओळखू येते.

ओल्या कपड्यांकडे विशेष लक्ष द्या. ते प्लास्टिकमध्ये बांधून ठेवले, तर हवा न लागल्याने कुबट वास येतो. पावसाळ्यात बुरशीचे काळे ठिपकेही पडतात आणि ते सहसा निघत नाहीत. प्रवासात नाइलाजाने प्लास्टिक वापरावे लागले, तर पोचल्यावर आधी ते कपडे वाळत घाला, मग चहा घ्या.

चपलांची पिशवी बॅगेच्या तळाशी ठेवा. परत आल्यावर सर्व पिशव्या धुऊन उन्हात वाळवा. ‘एवढ्या पिशव्या कोण धुणार ?’, असे वाटेल. पण पूर्ण बॅग धुण्यापेक्षा ते सोपे असते.