ट्रोपोनिन निगेटिव्ह, मग काळजी मिटली?

प्रश्न : परवा रोवणी करताना बाबांच्या छातीत दुखलं. तासाभरात केलेली ट्रोपोनिन निगेटिव्ह आली. निर्धास्त राहू का?
– एक वाचक, केशोरी

उत्तर : नाही. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. पण साध्या तपासणीत दिसण्याइतकं वाढायला ३ ते ६ तास लागतात. म्हणून काही तासांनी पुन्हा रक्त तपासावंच लागतं. वाढलेलं प्रमाण बरेच दिवस टिकतं, त्यामुळे परवाची इजा आजही तपासणीत कळू शकते; बाबांना आजच दाखवा, ईसीजीही काढा. (किडनीच्या जुन्या आजारातही ट्रोपोनिन वाढलेलं सापडतं, तेव्हा एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांतला फरक महत्त्वाचा.) पुन्हा दुखलं, दरदरून घाम सुटला, तर गॅसची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. मोटारसायकलवर मध्ये बसवूनही नेऊ नका. १०८ ला फोन लावा.