कुंडी कोणाची?

आपल्या सणांची जुनी मराठी नावे एकदा मोठ्याने म्हणून पाहा. रोश हशानाला आपले पूर्वज नव्याचा सण म्हणत, कारण कोकणात त्या सुमारास नवे पीक हाती येई. नव्या धान्याची खीर व्हायची तो खिरीचा सण. तिशा बेआवचा उपवास मोड आलेल्या वालांवर सुटायचा, म्हणून तो बिरड्याचा सण. ही नावे ठेवणारी माणसे तेल गाळणारी होती, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' म्हणवली जात. पेण, रोहे, चौल, नवगाव ही त्यांची गावे आपण आडनावात घालून अबूधाबी-दुबईपर्यंत आणली. नव्या पिकाचा, मोडाचा आणि हातांचा संबंध मात्र वाटेत कुठेतरी सुटला. या पाठात तो पुन्हा जोडायचा आहे, आणि त्याचे कारण केवळ वारसा हे नाही.

मुलांकडे राहायला आलेल्या ज्येष्ठांचे दिवस इथे कसे जातात, ते वर्गातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. विसाव्या मजल्यावरचे घर, यंत्राची गार हवा, सगळे जागच्या जागी हातात. "आई, तुम्ही काही करू नका, बसा." हे प्रेमानेच म्हटलेले असते. पण ज्याच्यावाचून घरातले काहीच अडत नाही, तो माणूस हळूहळू खुर्चीतच राहू लागतो. बोलणे कमी होते, जेवण कमी होते, आणि मग घरचे म्हणतात, वय झाले.

यावर एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी तो अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातील एका वृद्धाश्रमात केला आणि 1976 मध्ये प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले, की आपल्या दिवसाचे निर्णय तुम्ही घ्यायचे. आणि प्रत्येकाला एक रोप दिले, त्याची देखभाल त्यांनीच करायची. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, पण पाणी परिचारिका घालतील असे सांगितले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची मंडळी अधिक तरतरीत आणि आनंदी दिसली. सगळे श्रेय रोपाला देता येणार नाही, कारण त्यांना इतरही निवडी करायला मिळाल्या होत्या. तरी आपल्याला हवा तो मुद्दा यात आहे. रोप दोन्हीकडे होते. पाणी कोण घालणार, एवढाच त्या रोपाबाबतचा फरक. हिरवे नुसते पाहण्यानेही बरे वाटते, ते मी नाकारत नाही. पण आपल्या हातावर अवलंबून असलेली कुंडी ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून तरुणांना माझे सांगणे: आजोबांना कुंडी आणून दिलीत, तर तिला पाणी घालायला कामवाल्या बाईला सांगू नका. आजोबा विसरले, तर रोपाकडे पाहून त्यांना आठवेल.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. तिशा बेआव येतो ऐन उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये. त्या काळात इथे 15 जूनपासून 15 सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन मजुरांना उघड्या उन्हात कामाला लावायला सरकारचीच बंदी असते. मग बागेचे नाव कोण काढणार? पण बिरड्याला बाग लागत नाही. कडवे वाल भारतीय वाणसामानाच्या दुकानात पाहा. रात्री भिजत घाला, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधा. गार हवेच्या खोलीत मोड रेंगाळतात, म्हणून पुरचुंडी स्वयंपाकघरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवा. मुलांनी दर काही तासांनी फडके ओले आहे ना, ते पाहावे. मोड पुरेसे आले की नाही, हे मात्र आजीने बोटांनी चाचपून ठरवावे. ते पुस्तकात लिहिता येत नाही. मग कोमट पाण्यात टाकून साले काढायची.

हे सोलणे खरे औषध आहे. वाल बुळबुळीत, बोटातून निसटतात. पाच माणसे एका परातीभोवती बसल्याशिवाय काम उरकत नाही. सहा वर्षांच्या मुलाला जमते आणि ऐंशी वर्षांच्या बाईलाही जमते, बहुधा तिलाच जास्त चांगले. ओल्या हातांनी कोणी फोन उचलत नाही. अलिबागकडच्या गोष्टी, गेलेल्या माणसांच्या आठवणी अशाच वेळी निघतात, आणि त्या दिवसाला त्या शोभतातही. ज्यांच्या घरी नुकते दुःख झाले आहे, त्यांना या परातीभोवती अवश्य बोलवा. त्यांना बोलायला लावू नका, वाल पुढे सरकवा.

ऑक्टोबर उजाडला, हवा उतरली, की सब्जा पेरायचा. मलिद्याच्या ताटात गोड पोहे, खोबरे, खजूर, फळे असतात, आणि सुवासाच्या बराखासाठी आमच्याकडे सब्ज्याची डहाळी ठेवीत. फालुद्यासाठी दुकानात मिळते तेच बी चालते. कुंडीतल्या ओल्या मातीवर पसरा, वर चिमूटभर माती भुरभुरवा. बी लगेच बुळबुळीत होईल, घाबरू नका. निम्मा दिवस ऊन मिळेल अशा गॅलरीत ठेवा. तुरे आले की खुडा, म्हणजे पाला वाढतो. तू बिशवात जानेवारी-फेब्रुवारीत येतो. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबींच्या स्थानी मलिद्यासाठी आपली मंडळी जमतात ती याच दिवशी. तोपर्यंत तुमच्या ताटापुरता सब्जा घरचा होईल.

शब्बाथचे एक पथ्य आहे. त्या दिवशी पेरायचे नाही, खुडायचे नाही, पाणीही घालायचे नाही. इथल्या उन्हात कुंडी एका दिवसात सुकते, म्हणून मोठ्या कुंडीत भाजलेले, पण रोगण न चढवलेले लहानसे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरा. शुक्रवारी मेणबत्त्या लावण्यापूर्वी ते भरून झाकून ठेवा. पाणी आपोआप झिरपत राहते. शनिवारी तेल्यानेही विसावा घ्यावा आणि रोपही सुकू नये, अशी ही सोय.

घराबाहेर पडायचे तर हिवाळ्यात, सकाळी. अबूधाबीच्या जुबैल खारफुटी उद्यानात पाण्यावरून लाकडी पायवाट आहे. ज्येष्ठांनो, तिथले झाड नीट पाहा: कोकणच्या खाडीकाठी असते तीच ही तिवर. चिखलातून वर आलेली तिची श्वासमुळे मुलांना दाखवा. पानावर मिठाचे कण दिसतात. बोट लावून चाखले तर खारट लागते. झाड नको असलेले मीठ पानांतून बाहेर टाकते. वाळवंटातला गाफही परका नाही, तो आपला शमीच. अल ऐनच्या खजुराच्या बागांत गेलात, तर फलजचे पाणी पाळीपाळीने कसे वाटत, ते विचारा. वाडीतले पाट आणि आळी पाहिलेल्या आजोबांना तिथे फारसे समजावावे लागणार नाही. वसंतात तिथे नर खजुराच्या फुलोऱ्याच्या काड्या मादी झाडाच्या फुलोऱ्यात हाताने खोचतात. मिश्नात यरीहोच्या लोकांविषयी आले आहे, की निसानच्या 14 तारखेला, म्हणजे पेसाहच्या आदल्या दिवशीही, ते दिवसभर खजुरांचे असेच काम करीत आणि हाखामांनी त्यांना अडवले नाही. झाडाचा मोसम चुकला, की वर्ष गेले.

निसान महिन्यातच मोहरलेल्या फळझाडांवरचा बराखा म्हणतात, वर्षातून एकदाच. लिंबाचे किंवा डाळिंबाचे फुललेले झाड शोधून ठेवा. हे शोधण्याचे काम मुलांकडे द्या, आणि ज्यांना चालवत नाही त्यांना गाडीतून त्या झाडापर्यंत न्या. घरात बसून छायाचित्र दाखवू नका.

पुढच्या वर्गापर्यंतचे काम: एक ज्येष्ठ आणि एक मूल अशी जोडी ठरवा. कुंडी एक, आणि तिच्यावर नाव ज्येष्ठांचे, मराठीत लिहिलेले. मुलाने वहीत दर रविवारी दोन ओळी लिहायच्या: किती पाने आली, आणि त्या दिवशी आजी किंवा आजोबा काय म्हणाले. शब्द अडला तर त्यांनाच विचारा. रोप मेले तर तेही लिहा, कारण शोधा आणि दुसरे पेरा. मलिद्याच्या दिवशी प्रत्येक जोडीने एक डहाळी आणायची आहे. ताट मोठे आहे.