जगातल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत

प्रश्न : जगातल्या प्रत्येक पुस्तकाची एक तरी प्रत आपल्याकडे असावी, असा ध्यास घेतलेला एक इंग्रज होऊन गेला, हे खरं का? त्याच्या पुस्तकांचं पुढे काय झालं?

उत्तर : खरं आहे. सर थॉमस फिलिप्स (१७९२-१८७२) हे त्याचं नाव. मँचेस्टरच्या एका कापड कारखानदाराचा हा अनौरस मुलगा. वडिलांमागे वूस्टरशायरमधली मिडल हिल ही घर-जमिनीची इस्टेट त्याच्याकडे आली आणि तो मरेपर्यंत पुस्तकं घेत राहिला, हातात पैसा असो वा नसो. खरा जीव हस्तलिखितांवर. ती जवळपास ६०,००० जमली.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर युरोपातल्या मठांचे ग्रंथसंग्रह उधळले गेले होते. जुनी चर्मपत्रं सरस शिजवणाऱ्यांकडे, सोन्याचा वर्ख कुटणाऱ्यांकडे जात. आपण चढा भाव दिला तर विक्रेते ती जपतील, हा त्याचा हिशोब. मला तो अगदी पटतो.

पटत नाही ते घरच्यांना आणि देणेकऱ्यांना सोसावं लागलेलं. घराच्या खोल्यांमागून खोल्या भरल्या. आग लागलीच तर चटकन उचलता यावं म्हणून पुस्तकं शवपेट्यांसारख्या खोक्यांत, एकावर एक रचलेली. विक्रेत्यांची बिलं थकलेली; काहींचं त्यापायी दिवाळं निघालं. थोरल्या मुलीने, हेन्रिएटाने, १८४२ मध्ये वडिलांचा विरोध डावलून शेक्सपिअरचे अभ्यासक जेम्स हॅलिवेल यांच्याशी लग्न केलं. मिडल हिल कायद्याने तिच्याकडेच जाणार होतं. म्हणून या बापाने तिथली झाडं तोडली, घर मोडकळीला येऊ दिलं आणि १८६३ पासून सगळा संग्रह चेल्टनहॅमला हलवला. त्यासाठी २३० घोडे आणि १६० माणसं लागली! मृत्युपत्रातही हॅलिवेलना आणि कॅथलिकांना ग्रंथालयात पाऊल ठेवायची मनाई केली.

सरकारशी आणि बॉडलियन ग्रंथालयाशी बोलणी फिसकटल्यामुळे संग्रह एकसंध राहिला नाही. १८८६ पासून लिलाव सुरू झाले, ते विसाव्या शतकातही चालूच होते. १९६४ मध्ये उरलेल्या ढिगात इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने केलेल्या रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या भाषांतराचा पूर्वार्ध सापडला. उत्तरार्ध सतराव्या शतकातला रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याच्या संग्रहाबरोबर केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात कधीचाच येऊन पडला होता. आता दोन्ही भाग तिथेच आहेत.