पिलाची वेदनाही आपली जबाबदारी



आपल्या देणगीतून मी पाड्यावर डुकराची पिले वाटली. पण नर पिले खच्ची कोण करणार, याचा विचार केला नाही. एका घरी ते काम दाढीच्या ब्लेडने झाले. जखम चिघळून पिलू दगावले. चूक त्या कुटुंबाची नव्हे, माझी.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम ११ जनावर खच्ची करायला मुभा देते, पण ठरवून दिलेल्या पद्धतीनेच. शेपटी कापणे त्या मुभेत नाही. नीतिसूत्रे १२:१० मध्येही नीतिमानाची ओळख तो आपल्या पशूशी कसा वागतो यावरून सांगितली आहे.

आता दर पिलामागे पशुवैद्याचा आणि भुलीच्या इंजेक्शनाचा खर्च आधीच बाजूला ठेवतो. या कुटुंबांसाठी प्रार्थना करा.