वजनकाट्याचा आकडा का हालतो? : कंट्रोल पॅनेलच्या मांडणीचा अभ्यासपाठ



उसाची ट्रॉली काट्यावर चढते, आकडा पडतो आणि त्या आकड्यावर आपल्या वर्षभराच्या कष्टाचे पैसे ठरतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. त्या हिशेबाने ५० किलोचा फरक म्हणजे एका खेपेला १७७ रुपये ५० पैसे. म्हणून हा आकडा कशाने बिघडू शकतो, हे फक्त वायरमनने नव्हे, आपण सगळ्यांनीच समजून घेतले पाहिजे.

इशारा किती बारीक असतो?

इलेक्ट्रॉनिक काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली लोडसेल असतात. भार पडला की लोडसेलचे पोलाद केसभर वाकते आणि त्यातून अतिशय बारीक विजेचा इशारा निघतो. समजा काटा ५० टनी आहे आणि पूर्ण भाराला हा इशारा २० मिलिव्होल्ट मिळतो. मग १० किलोच्या वाट्याला येतात एका व्होल्टच्या दहा लाख भागांतले फक्त चार भाग! बॅटरीतला साधा सेलही दीड व्होल्टाचा असतो.

आता दुसरी बाजू पाहा. उसाची कॅरिअर कमी-जास्त वेगाने चालवणारा ड्राइव्ह ४१५ व्होल्टची वीज घेतो, आणि सुमारे ६०० व्होल्टचे ठोके सेकंदाला हजारो वेळा मोटरकडे सोडतो. कॉन्टॅक्टर सुटला की त्याच्या कॉइलमधून शेकडो व्होल्टची झटकी निघते. या दांडगाईला वायरमन मंडळी 'नॉइज' म्हणतात. भर बाजारात बँडवाजा चालू असताना कोणी कानात कुजबुजले तर काय ऐकू येणार? तीच गत लोडसेलच्या इशाऱ्याची होते.

नॉइज येतो कुठून?

तीन वाटा आहेत. पहिली, दोघांची वायर एकच असली की तिच्यातून सरळ येतो. खराब किंवा सामाईक अर्थिंगची वायर ही त्यातली नेहमीची. दुसरी, जोरदार प्रवाहाच्या वायरीभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, ते शेजारच्या वायरीत वीज उमटवते. तिसरी, व्होल्टेज झपाट्याने वर-खाली झाले की न चिकटताही ते शेजारच्या वायरीवर उमटते.

आपल्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. उसात तणासाठी २,४-डी मारले आणि वारा फिरला, तर धुऱ्यापलीकडची पऱ्हाटी आकसते. फवारा तिच्यावर कोणी मारला नव्हता, तरी पोचला. उपायही तेच : अंतर ठेवा, वाऱ्याची दिशा पाहा, आड काहीतरी घाला.

पॅनेल कसे मांडावे?

सीएनसी लेथ असो, कॅरिअरचा ड्राइव्ह असो की पाण्याच्या पंपाचा, नियम सारखेच :

१) पेटीची वाटणी करा. मेन स्विच, ड्राइव्ह, कॉन्टॅक्टर एका बाजूला. २४ व्होल्टची कंट्रोलची साधने मधे. मोजमापाचा बारीक इशारा सगळ्यांत लांब. जमल्यास त्याची पेटीच वेगळी ठेवा.

२) मोटरची केबल आणि इशाऱ्याची केबल एका डक्टमधून कधीही नेऊ नका. किमान २० सेंटीमीटर अंतर असावे, जास्त मिळाले तर उत्तम. ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडा, म्हणजे शेजार थोडाच राहतो.

३) इशाऱ्याच्या जोडीला पीळ द्या आणि शिल्डेड केबल वापरा. तिचे शिल्ड कोणत्या टोकाला अर्थ करायचे, ते काट्याच्या कंपनीने सांगितल्याप्रमाणेच करा. ड्राइव्हपासून मोटरपर्यंतच्या केबलचे शिल्ड मात्र दोन्ही टोकांना रुंद क्लँपने पकडा. शेपटीसारखी लांब वायर काढून जोडली तर शिल्डचा बराचसा उपयोग वाया जातो.

४) आतली मागची पाटी बिनरंगाची, जस्ताची असावी. रंगावर नट आवळला तर अर्थ मिळत नाही. रंग खरवडा आणि दारालाही विणलेल्या चपट्या पट्टीने अर्थ द्या.

५) ए.सी. कॉइलवर आर-सी सप्रेसर, डी.सी. कॉइलवर डायोड लावा. झटकी जिथे जन्मते तिथेच मारायची.

६) ड्राइव्हचा फिल्टर मेन वीज आत येते त्या जागेजवळ बसवा. फिल्टरच्या आतल्या आणि बाहेरच्या वायरी एकत्र बांधल्या, तर नॉइज फिल्टरला वळसा घालून निघून जातो.

अर्थिंग तोडू नका!

कुठेकुठे 'अर्थ काढला की आकडा थांबतो' असे म्हणतात. आकडा एखादे वेळी थांबेलही, पण पेटीला हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. अर्थिंग ही आधी माणसासाठी आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून रोध वाढतो. त्यात पाणी घालत राहा आणि हंगामाआधी मोजणी करून घ्या. काट्यावर उभ्या वाहनाला किंवा प्लॅटफॉर्मला वेल्डिंग करू नका; वेल्डिंगचा प्रवाह लोडसेलमधून गेला तर तो कायमचा निकामी होऊ शकतो.

दोष कसा शोधावा?

काटा रिकामा ठेवून आकडा पाहा. मग एकेक मोटर चालू-बंद करा. कोणती चालू होताच आकडा हालतो, त्यावरून उगम सापडतो. मिडियम वेव्हचा जुना रेडिओ स्टेशनच्या मधोमध लावून पॅनेलजवळ धरला, तर ड्राइव्ह चालू होताच तो खरखरतो. ही स्वस्तातली परीक्षा आहे. मात्र प्रत्येक हालचाल नॉइजचीच नसते. प्लॅटफॉर्मच्या फटीत अडकलेला दगड, खड्ड्यात साचलेले पाणी, जंक्शन बॉक्समधली ओल याही गोष्टी बघाव्या.

आणि हे आपल्या वावरातही लागू आहे. सौर पंपाचा कंट्रोलर हाही ड्राइव्हच आहे. ठिबकच्या स्वयंचलित व्हॉल्व्हची किंवा ओलावा मोजणाऱ्या सेन्सरची वायर मोटरच्या केबलसोबत एका नाल्यात गाडू नका.

सभासदांनी काय करावे?

वजन घेताना आधी रिकाम्या काट्यावर शून्य आहे का, ते पाहावे. सगळी चाके प्लॅटफॉर्मवर आहेत का, ते पाहावे. आकडा थांबल्याशिवाय पावती घेऊ नये. हालत असेल तर पुन्हा वजन मागावे आणि तारीख, वेळ, ट्रॉली नंबर लिहून लेखी तक्रार नोंदवावी. त्या नोंदी चार जणांच्या जुळल्या की वायरमनलाही दोष हुडकणे सोपे जाते. वैधमापन खात्याकडून काट्याची दरवर्षी पडताळणी व्हावी लागते. ते प्रमाणपत्र पाहायला मागणे यात संकोच नको. काटा आपला आहे, कारखानाही आपलाच आहे.